मोबाइल टॉवरवरून स्थाननिश्चिती

मोबाइल टॉवरवरून स्थाननिश्चिती ही भ्रमणध्वनी जाळ्यातील टॉवर आणि मोबाइल उपकरण यांच्यातील रेडिओ संपर्काच्या आधारे त्या उपकरणाचे ठिकाण ठरविण्याची पद्धत आहे. जीपीएस किंवा नाविक यांसारख्या उपग्रह प्रणालींची तिला आवश्यकता नसते. त्यामुळे साध्या बटणांच्या फोनचे, इमारतीच्या आत असलेल्या फोनचे आणि जीपीएस बंद ठेवलेल्या फोनचे ठिकाणही तिच्या साहाय्याने अंदाजे कळू शकते. मात्र या पद्धतीतून बहुतेक वेळा नेमका बिंदू मिळत नाही. फोन जेथे असण्याची शक्यता अधिक आहे असा एक प्रदेश मिळतो. हा प्रदेश किती मोठा असेल, हे टॉवरांची दाटी, अँटेनांची रचना, लहरींची वारंवारता आणि भूरचना यांवर अवलंबून असते. दाट वस्तीच्या शहरात तो काही गल्ल्यांपुरता, तर डोंगराळ भागात अनेक पाड्यांना व्यापणारा असू शकतो. खान्देशातील जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांत ही दोन्ही टोके एकाच जिल्ह्याच्या हद्दीत आढळतात.

गुन्ह्यांच्या बातम्यांमध्ये येणारे 'टॉवर लोकेशन' आणि 'शेवटचे लोकेशन' हे शब्दप्रयोग याच पद्धतीशी संबंधित आहेत.

पार्श्वभूमी

रेडिओ लहरींच्या प्रवासाला लागणाऱ्या वेळेवरून ठिकाण ठरविण्याची कल्पना मोबाइल फोनपेक्षा जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेने विकसित केलेल्या लोरान या प्रणालीत जहाजे आणि विमाने किनाऱ्यावरील केंद्रांकडून आलेल्या संकेतांच्या वेळेतील फरक मोजून आपले स्थान काढीत असत. सेवाक्षेत्राचे लहान लहान कक्ष पाडून त्याच त्या वारंवारता पुन्हा वापरण्याची कल्पना अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ मध्ये मांडली गेली. या कक्षांना 'सेल' म्हणतात आणि 'सेल्युलर फोन' हे नाव त्यावरूनच आले.

टॉवरवरून ठिकाण काढण्याच्या तंत्राला चालना मिळाली ती आणीबाणीच्या दूरध्वनी सेवेमुळे. घरातील तारेच्या दूरध्वनीचा पत्ता कंपनीकडे नोंदलेला असे, परंतु मोबाइलवरून मदत मागणारी व्यक्ती कोठे आहे हे कळण्याचा मार्ग नव्हता. म्हणून अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने १९९६ मध्ये मोबाइल कंपन्यांवर ९११ या क्रमांकावर फोन करणाऱ्याचे ठिकाण कळविण्याचे बंधन घातले. पुढे जाळ्यावर आधारित पद्धतींसाठी ६७ टक्के कॉलमध्ये १०० मीटर आणि ९५ टक्के कॉलमध्ये ३०० मीटर, अशी अचूकतेची मर्यादा निश्चित करण्यात आली.

भारतात मोबाइल सेवेचा प्रारंभ ३१ जुलै १९९५ रोजी झाला. सर्वसामान्य वापरकर्त्यांना टॉवरवरून स्थान दाखविणारी सुविधा गूगल मॅप्सने नोव्हेंबर २००७ मध्ये उपलब्ध केली. त्या काळी बहुसंख्य फोनमध्ये जीपीएस नसे. स्वयंसेवकांनी गोळा केलेल्या नोंदींवर आधारलेला ओपनसेलआयडी हा टॉवरांचा मुक्त विदासंच २००८ मध्ये सुरू झाला.

जाळ्याची रचना

पाठ्यपुस्तकांत सेल षट्कोनी दाखविले जातात. प्रत्यक्षात त्यांचे आकार अनियमित असून कडा एकमेकींवर चढलेल्या असतात. एका टॉवरवर सामान्यतः तीन दिशांना तोंड करून अँटेना बसविलेल्या असतात. प्रत्येक अँटेना सुमारे १२० अंशांच्या पाचरीसारख्या भागाला सेवा देते. या भागास 'सेक्टर' म्हणतात. म्हणजेच एका टॉवरवर किमान तीन सेल असतात, आणि वेगवेगळ्या वारंवारता वापरात असल्यास त्यांची संख्या आणखी वाढते. एकाच टॉवरवर अनेक कंपन्यांची उपकरणेही असू शकतात. त्या प्रत्येकीचे सेल आणि त्यांच्या नोंदी स्वतंत्र असतात.

प्रत्येक सेल आपली ओळख सतत प्रसारित करीत असतो. या ओळखीचे चार भाग असतात: देशाचा संकेतांक (भारतासाठी प्रामुख्याने ४०४ व ४०५), कंपनीच्या जाळ्याचा संकेतांक, त्या परिसरातील सेलांच्या गटाचा संकेतांक आणि सेलचा स्वतःचा क्रमांक. भारतात दूरसंचार सेवा मंडळांमध्ये विभागलेली असून कंपन्यांचे जाळे-संकेतांक सामान्यतः मंडळानुसार वेगळे असतात. जळगाव आणि धुळे हे जिल्हे महाराष्ट्र व गोवा मंडळात येतात. मुंबईचे मंडळ स्वतंत्र आहे.

सेलचा क्रमांक म्हणजे पत्ता नव्हे. त्या क्रमांकाची अँटेना कोणत्या अक्षांश-रेखांशावर, किती उंचीवर आणि कोणत्या दिशेला तोंड करून बसविलेली आहे, ही माहिती स्वतंत्र यादीतून घ्यावी लागते. ही यादी चुकीची किंवा जुनी असेल, तर पुढील सर्व निष्कर्ष चुकतात.

फोनला काय कळते, जाळ्याला काय कळते

या विषयातील बरेच गैरसमज दोन वेगळ्या गोष्टी एकच समजल्याने होतात: फोनने स्वतः आपले ठिकाण ओळखणे आणि कंपनीच्या जाळ्याने फोनचे ठिकाण ओळखणे.

चालू असलेला फोन आजूबाजूच्या सेलांचे प्रसारण सतत ऐकत असतो. त्यामुळे आपण कोणत्या सेलमध्ये आहोत, शेजारी कोणते सेल आहेत आणि त्यांचे संकेत किती प्रबळ आहेत, हे त्याला सदैव माहीत असते. यासाठी त्याला काहीही प्रक्षेपित करावे लागत नाही आणि इंटरनेटचीही गरज नसते. सेलांची यादी फोनमध्येच साठविलेली असेल, तर फोन स्वतःचे अंदाजे ठिकाण काढू शकतो.

जाळ्याला मात्र एवढे बारकाईने कळत नाही. फोन खिशात निष्क्रिय पडून असताना एका सेलमधून दुसऱ्या सेलमध्ये गेला, तरी तो प्रत्येक वेळी जाळ्याला कळवीत नाही. तसे केल्यास बॅटरी लवकर संपेल आणि जाळ्यावर भारही वाढेल. अनेक सेल मिळून एक मोठे क्षेत्र ठरविलेले असते. ते क्षेत्र ओलांडल्यावर किंवा ठरावीक काळानंतर फोन आपली खबर देतो. कॉल आला की जाळे त्या संपूर्ण क्षेत्रात हाक देते आणि फोन ज्या सेलमधून उत्तर देतो तो सेल तेव्हा निश्चित होतो. म्हणून नेमक्या सेलची नोंद प्रामुख्याने कॉल, लघुसंदेश किंवा इंटरनेटच्या वापराच्या वेळी होते. दोन नोंदींच्या दरम्यान फोन कोठे होता, हे त्या नोंदींवरून थेट सांगता येत नाही.

पद्धती

सेलची ओळख

ही सर्वांत सोपी आणि सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत होय. फोन ज्या सेलशी जोडलेला आहे, त्या सेलच्या सेवाक्षेत्रात तो आहे असे मानले जाते. क्षेत्राचा विस्तार समजण्यासाठी १२० अंशांच्या आदर्श सेक्टरचे उदाहरण घेता येते. सेलची त्रिज्या ५०० मीटर असेल, तर सेक्टरचे क्षेत्रफळ सुमारे ०.२६ चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण ६५ एकर भरते. त्रिज्या ५ किलोमीटर असेल, तर तेच क्षेत्रफळ सुमारे २६ चौरस किलोमीटर होते. त्रिज्या दहापट झाली की शोधावयाचा प्रदेश शंभरपट वाढतो.

फोन नेहमी सर्वांत जवळच्या टॉवरशीच जोडला जातो, हा समज बरोबर नाही. कोणता संकेत प्रबळ आहे, कोणत्या सेलवर किती भार आहे, कंपनीने कोणत्या वारंवारतेला प्राधान्य दिले आहे आणि मध्ये काही अडथळा आहे काय, यांवर ती निवड ठरते. एकाच खोलीत ठेवलेले एकाच कंपनीचे दोन फोनही भिन्न सेलांवर असू शकतात.

वेळेवरून अंतर

रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर जाते. दूरच्या फोनचा संकेत टॉवरवर ठरल्या क्षणी पोहोचावा, यासाठी टॉवर त्या फोनला थोडे आधी प्रक्षेपण करण्याची सूचना देतो. ही सूचना किती वेळेची आहे यावरून फोन आणि टॉवर यांमधील अंतर कळते. दुसऱ्या पिढीच्या जीएसएम जाळ्यात या मोजमापाची पायरी सुमारे ५५० मीटरची असून ० ते ६३ अशा ६४ पायऱ्या मिळून कमाल अंतर सुमारे ३५ किलोमीटर होते. ४जी जाळ्यात ही पायरी सुमारे ७८ मीटरची आहे. हे मोजमाप उपलब्ध असल्यास संपूर्ण सेक्टरऐवजी त्यातील कमानीसारखा एक पट्टा शिल्लक राहतो. कॉलच्या नेहमीच्या तपशिलात मात्र हे मोजमाप सहसा नसते.

संकेताचे बल

अंतर वाढते तसा संकेत क्षीण होतो. मोकळ्या अवकाशात अंतर दुप्पट झाल्यास संकेताची शक्ती एकचतुर्थांश होते. जमिनीवर घरे, झाडे आणि उंचवटे यांमुळे ती याहून वेगाने घटते. अनेक टॉवरांच्या संकेतांचे बल मोजून अंतरांचा अंदाज बांधता येतो. परंतु भिंतीआड गेलेला फोन प्रत्यक्षाहून दूर असल्याचा भास होतो. यावर उपाय म्हणून एखाद्या परिसरात आधी फिरून ठिकठिकाणच्या संकेतबलाच्या नोंदी घेतल्या जातात आणि फोनने दिलेले मोजमाप कोणत्या नोंदीशी जुळते ते पाहिले जाते. बोटांच्या ठशांप्रमाणे जुळणी होत असल्याने या पद्धतीस 'फिंगरप्रिंटिंग' असे नाव आहे.

वेळेतील फरक आणि कोन

तीन किंवा अधिक टॉवरांचे संकेत फोनपर्यंत पोहोचण्याच्या वेळेतील फरक मोजल्यास प्रत्येक जोडीसाठी नकाशावर एक अपास्त वक्र मिळतो आणि हे वक्र जेथे छेदतात तेथे फोन असतो. लोरानचे तत्त्व हेच होते. यासाठी टॉवरांची घड्याळे एकमेकांशी अत्यंत काटेकोरपणे जुळलेली असावी लागतात. एका मायक्रोसेकंदाच्या चुकीने मोजमाप ३०० मीटरने चुकते. अनुकूल परिस्थितीत या पद्धतीची अचूकता साधारण ५० ते २०० मीटर असते. अनेक घटकांच्या अँटेनांद्वारे संकेत कोणत्या कोनातून आला हेही मोजता येते. ५जीच्या मानकांमध्ये वेळ आणि कोन या दोन्हींवर आधारित पद्धतींचा समावेश आहे.

बोलीभाषेत या सर्व प्रकारांना 'त्रिकोणीकरण' म्हटले जाते. काटेकोर अर्थाने त्रिकोणीकरण म्हणजे कोन मोजून स्थान काढणे. अंतरे मोजून स्थान काढण्याची रीत वेगळी आहे. एकाच सेलच्या नोंदीवरून काढलेल्या ठिकाणाला यांपैकी कोणतीही संज्ञा लागू होत नाही.

उपग्रह आणि टॉवर यांचा संयोग

आजचे स्मार्टफोन जीपीएस, वाय-फाय आणि टॉवर या तिन्हींचा एकत्रित वापर करतात. जीपीएस उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असून त्यांची कक्षाविषयक माहिती अतिशय मंद गतीने प्रसारित होते. टॉवरवरून अंदाजे ठिकाण आणि मोबाइल जाळ्यातून ती माहिती आधीच मिळाल्यास उपग्रहांचा शोध लवकर लागतो. या साहाय्यित पद्धतीस 'ए-जीपीएस' म्हणतात.

खान्देशातील परिस्थिती

पूर्वीच्या खान्देश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. जळगाव व धुळे ही त्यांची मुख्यालये होती. धुळे जिल्ह्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा करण्यात आला. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठा-सातमाळ्याचे डोंगर, पश्चिमेस सह्याद्रीच्या रांगा आणि मध्ये पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणाऱ्या तापीचे सपाट खोरे, अशी या प्रदेशाची ठेवण आहे. टॉवरवरून ठिकाण काढताना या ठेवणीचा परिणाम पदोपदी जाणवतो.

जळगावातील फुले मार्केट किंवा धुळ्यातील आग्रा रोड यांसारख्या गजबजलेल्या भागांत ग्राहकांची संख्या मोठी असल्याने सेल लहान ठेवावे लागतात. अशा ठिकाणी एका सेलची नोंदही बराच उपयुक्त अंदाज देते. शहराबाहेर पडताच चित्र पालटते. तापीकाठच्या सपाट मैदानात अडथळे कमी असल्याने कमी वारंवारतेचे संकेत दूरवर पोहोचतात. नदीच्या एका तीरावरील शेतात असलेला फोन दुसऱ्या तीरावरील टॉवरशी जोडला जाऊ शकतो; नकाशावर मात्र तो पलीकडच्या गावात दिसतो. रावेर आणि यावल तालुक्यांतील केळीच्या दाट बागांसारख्या ठिकाणी पाण्याने भरलेली रुंद पाने विशेषतः उच्च वारंवारतेचे संकेत शोषतात. त्यामुळे बागेच्या आत आणि बांधावर उभ्या असलेल्या दोन फोनना वेगवेगळे सेल मिळणे शक्य असते.

चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूर या तालुक्यांच्या उत्तरेकडील सातपुड्याच्या भागात तसेच साक्री तालुक्याच्या पश्चिम डोंगराळ पट्ट्यात टॉवर विरळ आहेत. येथे डोंगराची धार हा मोठा अडथळा असतो. टॉवरपासून दोन किलोमीटरवरील पाडा धारेआड असल्यास त्याला संकेत मिळत नाही, पण वीस किलोमीटरवरील उघड्या माथ्यावर तो मिळू शकतो. म्हणून डोंगरात टॉवरभोवती वर्तुळ काढून फोन त्यात असल्याचे गृहीत धरणे फसवे ठरते; भूरचनेचा नकाशा सोबत ठेवून कोणत्या जागा टॉवरच्या दृष्टिपथात येतात ते तपासावे लागते. जेथे एकच टॉवर आहे तेथे वेळेतील फरकाची पद्धत लागू करता येत नाही, कारण तिला किमान तीन टॉवर लागतात. ज्या गावांत मुळात ४जी सेवा पोहोचलेली नव्हती, अशा देशातील २४,६८० गावांसाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२२ मध्ये २६,३१६ कोटी रुपयांच्या योजनेस मान्यता दिली.

राज्यांच्या सीमेमुळे आणखी एक गुंतागुंत निर्माण होते. मुंबई-आग्रा महामार्गावरील शिरपूर तालुक्यातील पळासनेर हे मध्य प्रदेशच्या सीमेलगत असून पलीकडे सेंधवा आहे. रावेरच्या पुढे लोहमार्गावर बऱ्हाणपूर लागते. रेडिओ लहरी राज्याची सीमा पाळीत नाहीत. सीमेलगतचा फोन महाराष्ट्रातच असूनही मध्य प्रदेश मंडळातील सेलवर जाऊ शकतो किंवा याच्या उलटही घडू शकते. त्यामुळे केवळ नोंदीतील टॉवरच्या नावावरून एखाद्याने राज्याची सीमा ओलांडली असा निष्कर्ष काढता येत नाही.

उपयोग

रेल्वे प्रवास

टॉवरवर आधारित स्थाननिश्चितीचा भारतातील सर्वांत परिचित नागरी उपयोग रेल्वे प्रवासात होतो. बंगळूरच्या सिग्मॉइड लॅब्स या कंपनीने तयार केलेले आणि २०१८ मध्ये गूगलने विकत घेतलेले 'व्हेअर इज माय ट्रेन' हे अॅप इंटरनेट व जीपीएस यांच्याशिवाय केवळ सेलच्या ओळखीवरून धावत्या गाडीचे ठिकाण दाखवू शकते.

हे शक्य होण्याचे कारण भूमितीत आहे. गाडी रुळांवरूनच जाते, त्यामुळे शोध पृष्ठभागावर न होता एका रेषेवर होतो. भुसावळहून निघालेली गाडी भादली, जळगाव, शिरसोली, म्हसावद, पाचोरा या क्रमाने चाळीसगावकडे जाते. त्या मार्गालगतचे सेलही साधारणपणे ठरावीक क्रमाने येतात. एकच सेल अनेक चौरस किलोमीटरवर पसरलेला असला, तरी लोहमार्गाचा त्यातील तुकडा मोजकाच असतो. एका सेलमधून दुसऱ्या सेलमध्ये जाण्याचा क्षण आणि गाडीचे वेळापत्रक यांची जोड दिल्यास अंदाज आणखी सुधारतो. महामार्गावरील वाहनालाही हेच तत्त्व लागू पडते. शेतातून पायी जाणाऱ्या व्यक्तीला मात्र ते लागू पडत नाही.

आणीबाणी आणि आपत्तीचे इशारे

केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनुसार १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या मोबाइलमध्ये आणीबाणीचे बटण आणि १ जानेवारी २०१८ पासून उपग्रहाधारित स्थाननिश्चितीची सोय बंधनकारक करण्यात आली. ११२ या क्रमांकावर मदत मागणाऱ्याचे उपग्रहाधारित ठिकाण मिळाले नाही, तर टॉवरवरील नोंद हाच आधार उरतो. विरळ टॉवरांच्या भागात ही नोंद पथकाला योग्य दरीपर्यंत नेऊ शकते, दारापर्यंत नव्हे. म्हणून अशा ठिकाणाहून फोन करताना गावाचे वा पाड्याचे नाव, जवळचा नाला, मंदिर, शाळा किंवा महामार्गावरील किलोमीटरचा दगड सांगणे अत्यावश्यक ठरते.

सेल प्रसारण हे याच्या उलट दिशेने चालणारे तंत्र आहे. यात कोणाचेही ठिकाण न शोधता निवडक टॉवरांच्या क्षेत्रातील सर्व फोनवर एकाच वेळी इशारा पाठविला जातो. भारतात या प्रणालीच्या चाचण्या २०२३ मध्ये झाल्या. हतनूर धरणाखालील तापीकाठच्या गावांसारख्या, पुराचा धोका नदीलगतच्या पट्ट्यापुरता मर्यादित असलेल्या भागांसाठी असे तंत्र उपयुक्त असते.

हरवलेले फोन

प्रत्येक मोबाइल संचाला १५ अंकी आयएमईआय क्रमांक असतो. चोरीस गेलेला संच या क्रमांकावरून सर्व जाळ्यांत बंद करण्याची केंद्रीय व्यवस्था महाराष्ट्रात सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि पुढे २०२३ मध्ये 'संचार साथी' संकेतस्थळाद्वारे ती देशभर खुली झाली. आयएमईआय स्वतः ठिकाण सांगत नाही. त्या संचात नवे सिम घालून तो वापरला गेल्यास त्याची नोंद होते आणि पुढील तपास पोलीस करतात.

तपास आणि न्यायालयीन पुरावा

कॉलचा तपशील सीडीआर या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. त्यात संपर्कातील क्रमांक, वेळ, कालावधी, आयएमईआय आणि कॉलच्या वेळचे सेल यांची नोंद असते. दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटींत बदल करून या नोंदी जपून ठेवण्याची किमान मुदत एक वर्षावरून दोन वर्षे केली. विशिष्ट वेळी एका टॉवरवर आलेल्या सर्व क्रमांकांची यादी मागविली जाते, तेव्हा तिला 'टॉवर डंप' म्हणतात. त्या यादीत त्या परिसरातील असंख्य असंबद्ध व्यक्तींचे क्रमांकही येतात.

इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून सादर करण्यासाठी भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५ब नुसार प्रमाणपत्र लागत असे. सर्वोच्च न्यायालयाने अन्वर विरुद्ध बशीर (२०१४) या खटल्यात ते आवश्यक ठरविले. जळगावच्या शेजारील जालना येथील निवडणुकीशी संबंधित अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने हे मत कायम केले. तपासात हस्तगत झालेल्या कालावधीचे सीडीआर कंपन्यांनी स्वतंत्र व सुरक्षित ठेवावेत, असा निर्देशही याच निकालात आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात यासंबंधीची तरतूद कलम ६३ मध्ये आहे.

प्रमाणपत्रामुळे नोंद ग्राह्य ठरते. तिचा अर्थ मात्र स्वतंत्रपणे तपासावा लागतो. टॉवरची नोंद फोनविषयी बोलते, व्यक्तीविषयी नाही. फोन त्या वेळी कोणाच्या हाती होता हे इतर पुराव्यांनीच सिद्ध करावे लागते. फोन एखाद्या सेलच्या क्षेत्रात होता याचा अर्थ तो घटनास्थळी होता असा होत नाही. समजा, एका सेलचे क्षेत्र २६ चौरस किलोमीटर असून त्यात घटनास्थळ आणि संशयिताचे स्वतःचे शेत ही दोन्ही येतात; अशा वेळी ती नोंद दोन्ही शक्यतांशी सारखीच सुसंगत असते. याउलट संशयिताचा फोन त्याच वेळी शंभर किलोमीटर दूरच्या सेलवर बोलत होता असे दिसल्यास, तो फोन घटनास्थळी नव्हता हे बऱ्याच खात्रीने सांगता येते. म्हणजेच फोन कोठे होता हे ठरविण्यापेक्षा तो कोठे नव्हता हे दाखविण्यात ही पद्धत अधिक समर्थ आहे.

नोंदींवर प्रक्रिया करतानाही चुका होऊ शकतात. डेन्मार्कमध्ये कंपन्यांकडून आलेल्या मूळ नोंदींचे रूपांतर करणाऱ्या पोलिसांच्या संगणकप्रणालीत दोष असल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. काही नोंदी गळत होत्या, तर काही फोन चुकीच्या टॉवरशी जोडले जात होते. त्यामुळे तेथे मोबाइल नोंदींचा पुरावा म्हणून होणारा वापर दोन महिने थांबविण्यात आला आणि दहा हजारांहून अधिक प्रकरणांची फेरतपासणी हाती घेण्यात आली.

खासगीपणा

व्यक्ती कोणत्या दवाखान्यात, प्रार्थनास्थळी किंवा सभेला जाते, हे तिच्या फोनच्या दीर्घकालीन नोंदींवरून अनुमानता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. आरोपीने गूगल मॅप्सवर आपले ठिकाण तपास अधिकाऱ्याला सतत दिसेल अशी सोय करावी, ही जामिनाची अट न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये फ्रँक व्हायटस प्रकरणात अमान्य केली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कारपेंटर प्रकरणात (२०१८) टॉवरच्या जुन्या नोंदी मिळविण्यासाठीही पोलिसांना सामान्यतः न्यायालयाचे वॉरंट लागेल असे ठरविले.

नोंदींच्या गैरवापराची उदाहरणे महाराष्ट्रातही घडली आहेत. सीडीआर बेकायदा मिळवून त्यांची विक्री केल्याच्या आरोपावरून ठाणे पोलिसांनी २०१८ च्या सुरुवातीस अनेकांना अटक केली होती.

प्रचलित गैरसमज

कोणताही मोबाइल क्रमांक टाकल्यास त्याचे चालू ठिकाण दाखविण्याचा दावा करणारी संकेतस्थळे आणि अॅप दिशाभूल करणारी असतात. जाळ्याकडील नोंदी कंपनीकडे असतात आणि कायदेशीर प्रक्रियेनेच तपास यंत्रणांना मिळतात. क्रमांकाच्या सुरुवातीच्या अंकांवरून फार तर तो मूळ कोणत्या मंडळात दिला गेला हे कळते. क्रमांक न बदलता कंपनी व मंडळ बदलण्याची सोय असल्याने तेही आता खात्रीचे राहिलेले नाही.

बंद केलेल्या फोनचे टॉवरवरून चालू ठिकाण कळत नाही. त्याची शेवटची नोंद तेवढी उपलब्ध असते. 'शेवटचे लोकेशन' म्हणजे व्यक्ती शेवटी जेथे होती ते ठिकाण नव्हे, तर फोनचा जाळ्याशी शेवटचा संपर्क ज्या सेलमधून झाला तो सेल होय. बॅटरी संपल्यानंतर किंवा संकेत नसलेल्या भागात शिरल्यानंतर व्यक्ती तेथून कितीही दूर गेलेली असू शकते. सातपुड्यासारख्या भागात बेपत्ता व्यक्तीचा शोध घेताना हा फरक ध्यानात न घेतल्यास शोध चुकीच्या दिशेला केंद्रित होण्याचा धोका असतो.

हे सुद्धा पहा

जीपीएस
नाविक
भ्रमणध्वनी
सातपुडा
खान्देश
खासगीपणाचा अधिकार